मधल्या तीन वर्षांचा हिशेब



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना लांबलचक प्रास्ताविकाचा कंटाळा होता, असं संयोजकांनी मला आधीच बजावून ठेवलंय. तेव्हा थेट गुळावर येतो.

आपला हा कोल्हापूरचा मुलूख. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी गुऱ्हाळ होतं, काहींच्या घरी अजून आहे. काहिलीत रस उकळायला लागला की मळी वर येते. ती धरून वर आणायला रानभेंडीची खोडं ठेचून त्यांचा चिकट रस घालायचा, ही आपली जुनी रीत. वर एकजण मळी काढतोय, खाली जळव्या चुलवाणात चिपाडं सारतोय, आणि गुळव्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून त्याची बोटांत गोळी वळते का ते बघतोय. एवढ्या कसबातून जो गूळ निघतो तो तांबूस असतो, कधी काळपटही. आणि सौद्यात भाव मिळतो पिवळ्याला! म्हणून मग काहिलीत हायड्रॉसची पावडर पडते. सोडियम हायड्रोसल्फाइट. रस उजळतो, रवा पिवळाधमक निघतो, अडत्या खूश, परगावचा खरेदीदार खूश. पुढे हवा लागून तोच रंग उतरायला लागतो, पण तोवर शेतकऱ्याची पट्टी झालेली असते आणि रवा तिसऱ्याच्या गोदामात असतो.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला हक्काची पेठ दिली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढ्या मोठ्या काळात मालाची पारख करण्याचं आपलं मुख्य साधन मात्र डोळाच राहिला.

अलीकडे गंमत अशी झालीय की डोळ्यानं बाजू बदललीय. पुण्या-मुंबईच्या दुकानात आता काळा गूळ म्हणजे शुद्ध गूळ. पुडक्यावर बैलाचं चित्र, खाली 'केमिकल-फ्री', आणि किंमत अशी की आपल्याकडच्या माणसानं ती दोनदा वाचावी. पण काळा रंग हा कसला पुरावा? पाक करपला तरी गूळ काळा होतो. क्षारपड जमिनीतल्या उसाचा गूळ काळा होतो. नत्राचा मारा केलेल्या उसाचाही होतो. रसात साखर ढकलून केलेल्या गुळाबद्दल तर या जिल्ह्यात मी काही वेगळं सांगायला नको.

समजा, पुडक्यावरचं वाक्य शंभर टक्के खरं आहे. काहिलीत खरोखरच काही घातलेलं नाही. तरी ते वाक्य फक्त काहिलीबद्दल बोलतं. ज्या सरीत तो ऊस वाढला तिथे तणनाशक किती वेळा मारलं, युरियाच्या किती गोण्या पडल्या, लागणीच्या वेळी बेणं कशात बुडवून काढलं, याबद्दल ते अवाक्षर काढत नाही. गिऱ्हाईक मात्र घरी जाताना आपण सेंद्रिय गूळ घेतला असं समजून जातं. खोटं कुणीच बोललेलं नसतं.

माझा विषय इथून सुरू होतो. शेतात काय घातलं हे जिभेला, नाकाला, डोळ्याला कळत नाही. ते लेबलालाच सांगावं लागतं, आणि लेबलावर विश्वास बसायचा तर मागे कुणीतरी तपासणारा लागतो. आपल्याकडे त्याच्या दोन वाटा आहेत. एक, 'राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम'. तो २००१ पासून वाणिज्य मंत्रालयाकडे, म्हणजे त्याच्या 'अपेडा' या शेतमाल-निर्यात प्राधिकरणाकडे आहे. वाणिज्य मंत्रालयाकडे का, तर सुरुवातीला हेतूच निर्यातीचा होता. तिथे मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्था येऊन तपासणी करते. दुसरी वाट कृषी मंत्रालयाची, पीजीएस-इंडिया नावाची. तिच्यात गावातले किंवा शेजारच्या गावांतले किमान पाच शेतकरी गट करतात, शपथ घेतात आणि एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करतात. हा माल परदेशी जात नाही, देशात विकता येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नाचे नियम केले, 'जैविक भारत' हे बोधचिन्ह आणलं, आणि या दोन्ही वाटांनी आलेला माल मान्य केला. छोट्या शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला विकलं, उलाढाल वर्षाला १२ लाखांच्या आत असली, तर त्याला प्रमाणपत्रातून सूट आहे. मात्र ते बोधचिन्ह त्याला लावता येत नाही.

एवढं ध्यानात ठेवलं तरी दुकानात पुष्कळ काम होतं. 'विषमुक्त', 'गावरान', 'देशी', 'आजीच्या हातचं' या शब्दांमागे तपासणारं कुणी नसतं. आणि तपासणाऱ्यांची तऱ्हा म्हणाल, तर दुधावरच्या 'ए-टू'चं उदाहरण ताजं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये प्राधिकरणानं हा दावा पाकिटांवरून काढा म्हणून आदेश काढला आणि आठवडा उलटायच्या आत स्वतःच मागे घेतला. असो.

लेबलाबद्दलची बहुतेक भाषणं इथपर्यंत येऊन थांबतात. गिऱ्हाइकानं जागरूक व्हावं, चिन्ह बघून घ्यावं, शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत. माझी तक्रार पुढची आहे. हे चिन्ह शेतकऱ्याकडे पोचतं कधी? तर त्याची सगळ्यात वाईट वर्षं सरल्यावर.

नियम असा की हंगामी पिकाच्या पेरणीआधी किमान २४ महिने रान सेंद्रिय पद्धतीखाली असलं पाहिजे. बहुवार्षिक पीक असेल तर पहिल्या तोडणीआधी ३६ महिने. नियमाला माझा विरोध नाही. जमिनीत पूर्वी पडलेलं एका पावसाळ्यात निघून जात नाही. पण या संक्रमणाच्या काळात शेतात काय घडतं ते पाहा. वर्षानुवर्षं नत्र ओतलेल्या जमिनीला एकदम शेणखत आणि हिरवळीच्या खतावर आणलं की पीक पिवळं पडतं, बसून राहतं. सेंद्रिय कर्ब वाढायला, जिवाणूंचं काम पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो. तण तर दुप्पट जोमानं येतं, आणि तणनाशक बंद केलंय म्हणजे खुरपणीला बायका लागणार. त्या मिळत नाहीत, मिळाल्या तर त्यांची मजुरी द्यावी लागते, आणि ती द्यायलाच पाहिजे. ताग गाडायचा तर तेवढे दिवस रान अडकतं. जीवामृत करायचं तर २०० लिटर पाण्याच्या पिंपात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती घालून रोज ढवळायचं. म्हणजे गोठ्यात जनावर पाहिजे, आणि ज्यानं ट्रॅक्टर घेतल्यावर बैलजोडी विकली त्याच्या गोठ्यात आता मोटारसायकल उभी असते. सगळ्यांचंच उत्पन्न सारखं घटतं असं नाही. कुणाचं थोडं, कुणाचं फार, एखाद्याचं घटतही नाही. पण घटलं, तर ते याच काळात घटतं. आणि याच काळात त्याचा माल बाजारात इतर मालाच्याच ढिगात पडतो. खर्च सेंद्रियचा, उत्पन्न कमी, भाव साधा.

आडसाली उसाचं गणित तर आणखी अवघड. लागण जुलै-ऑगस्टची, तोड पुढच्या वर्षाच्या शेवटी. त्यावर खोडवा घेतला तर लागण आणि खोडवा अशी दोन्ही पिकं जवळजवळ संक्रमणातच जातात.

त्यात शेजारी आहेच. आपल्या राज्यात शेतकऱ्याची सरासरी जमीन, २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे, १.३४ हेक्टर. तीही एका जागी नसते. भावकीत वाटून दोन-तीन ठिकाणी पट्ट्या. शेजारच्या पट्टीत टू-फोर-डी तणनाशक मारलं आणि वारा तुमच्या बाजूला असला की तुमचा भुईमूग आकसलाच. प्रमाणीकरणाचा नियम म्हणतो, मध्ये संरक्षक पट्टा सोडा, आणि त्या पट्ट्यातला माल सेंद्रियमध्ये धरू नका. दहा एकराच्या मळ्याला हे परवडतं. वीस गुंठ्यांच्या पट्टीत दोन्ही बाजूंनी पट्टा सोडल्यावर मध्ये उरतं काय? म्हणूनच एकट्यानं बदलण्यापेक्षा अख्ख्या पाणंदीच्या कडेच्या शेतकऱ्यांनी मिळून बदलणं सोपं जातं. आणि तेवढ्या लोकांना एकदम तयार करणं हे शेतीपेक्षा राजकारणाचं काम आहे, हे तुम्हाला पटेल.

आता एक साधा हिशेब मांडतो. आकडे सोपे घेतलेत, तुम्ही घरी जाऊन आपापले घाला. समजा, एकरी ४० टन ऊस निघत होता, तो बदलाच्या वर्षांत ३० टनांवर आला. दहा टनांची तूट. टनाला ३,००० धरले तर एकरी ३०,००० रुपये. खतं-औषधं वाचली ती खुरपणीत गेली असं धरू. आता सरकार या माणसाला काय देतं? केंद्राची 'परंपरागत कृषी विकास योजना' २०१५ पासून आहे. तिच्यात सध्या हेक्टरी तीन वर्षांत मिळून ३१,५०० रुपये आहेत. त्यातले शेतकऱ्याच्या खात्यात निविष्ठांसाठी थेट जमा होतात ते १५,००० रुपये. बाकी प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्री वगैरे. पंधरा हजार भागिले तीन वर्षं, भागिले अडीच एकर. वर्षाला एकरी दोन हजार रुपये. तूट तीस हजारांची, आधार दोन हजारांचा.

दुसऱ्या पारड्यात बघा. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. ती बनवायला आणि आणायला याच्या कितीतरी पट खर्च येतो. मधला फरक सरकार भरतं. भरू दे, माझं काही म्हणणं नाही, त्या गोणीनं देशाला धान्य दिलंय. पण जो शेतकरी गोणी उचलतच नाही, त्याच्या वाट्याचा फरक सरकारच्या खिशात राहतो. तो त्याला त्या तीन वर्षांत रोख द्या, एवढी साधी मागणी आजवर कुठल्या पक्षाच्या जाहीरनाम्यात ठळकपणे का आली नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं २,४८१ कोटींचं 'नैसर्गिक शेती अभियान' मंजूर केलं. विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सुरू झालेलं राज्याचं पंजाबराव देशमुखांच्या नावाचं मिशन त्याआधीपासून आहे. मिशनं पुष्कळ आहेत. शेतकरी मात्र मिशन संपल्यावर बाजारात एकटा उभा राहतो.

बाजारात त्याच्यासाठी काही आहे का? आहे, आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही. पीजीएसची बोधचिन्हं दोन आहेत. पूर्ण सेंद्रियसाठी 'पीजीएस-ऑर्गॅनिक' आणि बदलाच्या काळातल्या मालासाठी 'पीजीएस-ग्रीन'. म्हणजे कायद्यानं सोय केलेली आहे: मी निघालोय, अजून पोचलो नाही, पण वाटेवर आहे हे माझ्या गटातल्या शेतकऱ्यांनी पाहिलंय, असं शेतकऱ्याला पाकिटावर सांगता येतं. तुमच्यापैकी किती जणांनी ते चिन्ह पाहिलंय? मी हा प्रश्न शहरातल्या सभांतून विचारतो तेव्हा सेंद्रिय दुकानदारसुद्धा एकमेकांकडे बघतात. एका दुकानदारानं मला स्वच्छ सांगितलं, "साहेब, गिऱ्हाइकाला 'निम्मं सेंद्रिय' कसं विकू? ते विचारतं, मग बाकीचं निम्मं काय?" त्याचं चुकलं असं म्हणवत नाही. त्या चिन्हाचा अर्थ लोकांना समजावण्यावर कुणी पैसाच घातलेला नाही.

अमेरिकेत हीच अडचण निराळ्या बाजूनं आली. तिथे ३६ महिन्यांची अट आहे, आणि सेंद्रिय धान्याला मागणी असूनही शेतकरी वळत नव्हते. एकूण शेतजमिनीपैकी एक टक्काही सेंद्रिय प्रमाणित नव्हती. २०१६ मध्ये काशी नावाच्या न्याहारीच्या कंपनीनं एका प्रमाणन संस्थेला बरोबर घेऊन 'प्रमाणित संक्रमण' असं लेबल काढलं आणि बदलाच्या वर्षांतला गहू साध्या गव्हापेक्षा जादा दरानं घेऊन त्याचं पाकीट बाजारात आणलं. काशी म्हणजे तेव्हा केलॉग्जच्या घरची कंपनी, धर्मादाय संस्था नव्हे. तिला पुढच्या काळासाठी सेंद्रिय गहू हवा होता आणि तो तयार व्हायला वेळ लागतो हे तिला कळलं होतं. बडव्हायझरवाल्यांनीही पुढे २०२० मध्ये बार्लीच्या शेतकऱ्यांशी असे करार सुरू केले. यांनी अमेरिकेची शेती बदलली असं कुणी म्हणणार नाही. पण एक गोष्ट त्यांनी नीट ओळखली: जोखीम ज्या वर्षांत आहे, पैसाही त्याच वर्षांत लागतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. लेबलांची आधीच गर्दी झालीय, त्यात हे मधलं लेबल आलं तर लबाडांना कुरण मिळेल. आयुष्यभर 'वाटेवर' राहणारे निघतील. निघतील. त्यासाठी मुदत घालावी लागेल: तीन वर्षांच्या वर हिरवं चिन्ह नाही. पीजीएसच्या वहीत तारखा असतातच, त्या पाकिटावर छापायची सक्ती करा. 'बदलाचं दुसरं वर्ष, खरीप अमुक' असं पाकिटावर असलं तर 'शंभर टक्के शुद्ध' या वाक्यापेक्षा मला ते जास्त भरवशाचं वाटतं.

लबाडीचा विषय निघालाच आहे, तर पूर्ण झालेल्या सेंद्रियची कथा ऐका. आपला देश सेंद्रिय शेतकऱ्यांच्या संख्येत जगात पहिला. त्यातही सेंद्रिय कापसाचं आपलं नाव मोठं. विदर्भातल्या कापूसवाल्याला सेंद्रिय व्हायचं तर पहिली अडचण बियाण्याची. सेंद्रियमध्ये जनुकीय बदल केलेलं वाण चालत नाही, आणि २००२ मध्ये बीटी आल्यापासून कृषी केंद्रात बिगर-बीटी सरकीची पिशवी मागितली तर दुकानदार तुम्हाला वेड्यात काढतो. ही अडचण असूनही कागदावर सेंद्रिय कापूस वाढतच गेला. २०२० मध्ये सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाच्या संस्थेनं जाहीर केलं की भारतातून आलेल्या सुमारे २०,००० टन कापसाचे व्यवहार-दाखलेच बनावट आहेत. त्याच वर्षी युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं. २०२१ च्या सुरुवातीला अमेरिकेनं आपल्या तपासणी व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली. एवढी नाचक्की झाल्यावरही बळीराजाच्या नावानं गळे काढायचे आणि व्यवस्थेबद्दल बोलायचं नाही, हे मला मान्य नाही.

व्यवस्थेत दोष कुठे होता? माझ्या मते मालकीत. छोट्या शेतकऱ्याला एकट्यानं त्रयस्थ तपासणीचा खर्च झेपत नाही, म्हणून गट करायचे; एका गटात २५ ते ५०० शेतकरी. गटाची वही, अंतर्गत तपासणी, प्रमाणपत्र हे सगळं पुष्कळदा एखादी कंपनी किंवा निर्यातदार सांभाळायचा. शेतकऱ्याकडे काय? यादीतलं नाव. विदर्भात एका घरी मी ते प्रमाणपत्र बघायला मागितलं. घरधन्यानं ट्रंकेतून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात सात-बारा, पीकविम्याची पावती, मुलीच्या लग्नाची पत्रिका, आणि कंपनीच्या माणसानं दिलेली एक टोपी. प्रमाणपत्र कंपनीच्या कचेरीत. कंपनीनं त्या वर्षी खरेदी केली नव्हती. म्हणजे ज्या माणसानं तीन वर्षं सोसलं त्याला आपला सेंद्रिय कापूस दुसऱ्या कुणाला 'सेंद्रिय' म्हणून विकता येईना. त्यानं तो गावातल्या जिनिंगवर साध्या भावानं घातला. त्याच्या बायकोनं टोपी मात्र धुऊन ठेवलेली होती, शेतात घालायला.

जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची आठवी आवृत्ती आली. तिच्यात उत्पादक गटाला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व असावं अशी तरतूद आहे. उशिरा का होईना, बरं झालं. प्रमाणपत्र गटाच्या नावावर आणि गट शेतकऱ्यांचा, असं असलं तर शेतकरी खरेदीदार बदलू शकतो. आणि खरेदीदार बदलता येतो म्हटल्यावर भावाची बोलणी होतात.

आपल्याकडे हे जमत नाही, असं कुणी म्हणू नये. २००३ च्या हंगामात आपल्या द्राक्षांत कीडनाशकाचे अंश सापडल्यानं युरोपात माल अडकला. त्यानंतर २००६ मध्ये अपेडानं ग्रेपनेट सुरू केलं. नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागाईतदारानं प्लॉटची नोंदणी करायची, फवारणीची वही ठेवायची, काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जायचा, आणि लंडनच्या दुकानातल्या पेटीपासून तासगावच्या बागेपर्यंत माग काढता यायचा. ती द्राक्षं सेंद्रिय नव्हती, पण वहीतल्या नोंदी खऱ्या होत्या, कारण खोटं निघालं तर सबंध कंटेनर परत येणार होता. युरोपातल्या गिऱ्हाइकासाठी आपण हे करतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला मात्र बैलाचं चित्र.

सरकारी हुकमानं हे होईल का? त्याचेही दोन दाखले समोर आहेत. श्रीलंकेनं २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. मधली वर्षं त्यांनी सगळ्या देशाच्या डोक्यावर एका रात्रीत आणून ठेवली. भाताचं उत्पादन कोसळलं, चहा घसरला, आणि नोव्हेंबरात बंदी उठवावी लागली. सिक्कीमनं उलट केलं. २००३ मध्ये विधानसभेत ठराव, मग खतांवरचं अनुदान टप्प्याटप्प्यानं कमी, गावोगाव प्रमाणीकरण, आणि जानेवारी २०१६ मध्ये सुमारे ७५,००० हेक्टर सेंद्रिय झाल्याची घोषणा. तिथे शेतीत मुळात रसायनंच कमी होती, त्यामुळे वाट सोपी होती, हेही लक्षात घ्या. तरीसुद्धा वेलदोडा, आलं यांना बाहेरचा बाजार शोधताना त्यांची दमछाक झाली, आणि भाजीपाल्यासाठी सिलिगुडीकडून येणाऱ्या गाड्यांवरचं अवलंबित्व सुटलं नाही. शेत बदललं, पण पलीकडे हात पुढे करून उभा असलेला खरेदीदार तयार केला गेला नव्हता.

तो तयार केला डेन्मार्कनं. १९८७ मध्ये त्यांनी सेंद्रिय शेतीचा कायदा केला आणि त्याच कायद्यात बदलाच्या काळातल्या शेतकऱ्याला पैसे ठेवले. दोन वर्षांनी तांबड्या रंगातलं बोधचिन्ह आणलं. तपासणीस सरकारी, आणि शेतकऱ्याला तपासणीचं शुल्क नाही. त्याहून मला आवडलेली गोष्ट कोपनहेगन महापालिकेची. शाळा, पाळणाघरं, वृद्धाश्रम यांच्या स्वयंपाकघरांत ९० टक्के अन्न सेंद्रिय करायचं त्यांनी ठरवलं आणि २०१५ पर्यंत ते जवळपास गाठलं, तेही अन्नखरेदीचं अंदाजपत्रक न वाढवता. कसं? स्वयंपाक करणाऱ्यांना नव्यानं शिकवून. मांस कमी, डाळी आणि हंगामी भाज्या जास्त, वाया जाणारं अन्न कमी. शेतकऱ्याला दिसत होतं की पुढची दहा वर्षं माल घेणारं एक मोठं स्वयंपाकघर शहरात आहे.

असं शिकणं, तेही एकमेकांकडून, आपल्या लोकांत नवीन नाही. श्रीपाद दाभोळकर गणिताचे प्राध्यापक, याच कोल्हापुरातले. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तेव्हा शेतकरी एकमेकांना पत्रं लिहून आपापल्या शेतातले प्रयोग कळवत. तासगावच्या द्राक्षांच्या भरभराटीत त्या पत्रांचा वाटा आहे. पीजीएसमध्ये शेजाऱ्यानं शेजाऱ्याचं रान तपासायचं असतं, तेव्हा खरं काम हेच होतं: तुझ्या तुरीवर अळी आली तेव्हा तू काय केलंस, आणि चाललं का. बदलाच्या वर्षांत शेतकऱ्याला अनुदानाइतकीच या उत्तराची गरज असते, कारण कृषी सेवा केंद्रात त्याला उत्तर मिळतं ते बाटलीत भरलेलं.

आता मगाचा हिशेब पुरा करतो. एकरी तूट ३०,००० रुपयांची होती. तीस टन उसाचा दहा टक्के उताऱ्यानं गूळ होतो ३,००० किलो. भागाकार करा: किलोला दहा रुपये. संक्रमणातल्या गुळाला साध्या गुळापेक्षा किलोमागे दहा रुपये जादा मिळाले, आणि ते मधे कुठे न गळता शेतकऱ्याकडे पोचले, तर त्याची तूट भरून निघते. शहरातलं गिऱ्हाईक काळ्या गुळाला आजही दहा रुपयांहून कितीतरी जास्त मोजतंय. ते पैसे पाकिटाला, जाहिरातीला, दुकानाच्या भाड्याला जातात.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात, आणि ती परंपरा या तालुक्यातही आहे. शंभर मुलांचं एक वसतिगृह धरा. मुलाला रोज २५ ग्रॅम गूळ, कधी आमटीत, कधी शेंगदाण्याबरोबर. दिवसाला अडीच किलो. वर्षाचे २४० दिवस धरले तर ६०० किलो. दहा रुपये जादा म्हणजे वसतिगृहाला वर्षाला ६,००० रुपयांचा फरक, मुलामागे साठ रुपये. पाच वसतिगृहांनी मिळून घेतला तर एका एकराचा सगळा गूळ संपतो, आणि तेवढ्या रानापुरता शेतकरी तीन वर्षं निर्धास्त होतो. पहिल्या वर्षी एक एकर, पुढच्या वर्षी देणगीदार मिळाले तर पाच. गुळाचं जमलं तर तूर, हरभरा, शेंगतेल त्याच वाटेनं येतील.

यात अडचणी आहेत. वसतिगृहाच्या खरेदीला तीन कोटेशनं लागतात आणि सगळ्यात स्वस्त घ्यायचं असा लेखापरीक्षकाचा दंडक असतो. तेव्हा विश्वस्त मंडळाचा लेखी ठराव हवा, पीजीएस-ग्रीन माल अमुक फरकानं घेण्याचा. गुऱ्हाळमालकानं त्या आदणाचा रस वेगळा ठेवायला हवा, काहील आधी धुवायला हवी, आणि हायड्रॉसचा डबा त्या दिवशी कुलपात. मुलं पहिल्या आठवड्यात काळ्या गुळाला नाक मुरडतील. गटाच्या वहीत नोंद रोजच्या रोज झाली पाहिजे, हंगाम संपल्यावर एका बैठकीत, एकाच पेनानं नव्हे.

संयोजकांशी बोलताना कळलं की तालुक्यात अशी वसतिगृहं पाचाहून जास्त आहेत आणि त्यांतल्या काहींचे विश्वस्त आज सभागृहात बसलेले आहेत. आडसालीची लागण जुलैत सुरू होते. ठराव त्याआधीच्या बैठकीत यायला हवा, म्हणजे शेतकऱ्याला बेणं ठरवायला महिनाभर मिळेल.